काळा दगड आणि दोन जावा

३ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

फोन केला की तुम्ही "बरं, ठेवते, कॅन्टीनची घंटा झाली" म्हणता, म्हणून पत्र लिहायला घेतलं. पत्राला घंटा होत नाही. आणि मला जे विचारायचंय ते उभ्याउभ्या विचारण्यासारखं नाही.

मोठ्या भाऊजींनी सांगितलं असेलच. गेल्या महिन्यात सासूबाईंनी पिझ्झाच्या दुकानाच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिलाय, आता तू बघ." किल्ल्यांबरोबर ओव्हनमधला दगडही माझ्या स्वाधीन झाला. तोच, दोन बोटं जाड, ज्यावर तुम्ही बारा वर्षं पिझ्झे भाजलेत.

ताई, माझ्याकडून घोटाळा झालाय. तुम्हाला माहीतच आहे, मी आजवर कचेरीत फायली लावणारी बाई. पहिल्या दिवशी तो काळाकुट्ट दगड बघितला, त्यावरचे डाग बघितले आणि मला राहवेना. साबण घेतला, तारेची घासणी घेतली, तासभर घासला. डाग जाईनात म्हणून टबात भिजत घातला. दुसऱ्या दिवशीपासून पिझ्झ्याला साबणाचा वास. समोरच्या शिंप्यानं एक घास खाल्ला आणि विचारलं, "यात काय, कपडे धुतलेत का?" शिवाय तळ ओला राहतो, चिकटतो, लाकडी फावड्यानं काढायला गेलं की अर्धा पिझ्झा दगडावर आणि अर्धा माझ्या हातात.

सासूबाईंना विचारलं तर म्हणतात, "थोरलीला विचार. दगड तिच्या हाताखाली होता." एवढंच.

म्हणून विचारते. दगड कसा सांभाळायचा? आणि हे म्हणतात की दुकान बंद करताना ताई दगडाला तेल चोळायच्या. खरं का? कोणतं तेल, किती?

तुमची,
धाकटी


१२ फेब्रुवारी

साबण! अगं बाई, साबण!

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले आणि परत येऊन बसले. बारा वर्षांत त्या दगडाला मी ओलं फडकंसुद्धा लागू दिलं नव्हतं, आणि तू त्याला आंघोळ घातलीस!

आधी मनातलं बोलून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. किल्ल्या तुला मिळाल्या हे मला यांनी सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, आज हवा बरी आहे असं सांगावं तसं. दीड वर्षापूर्वी यांची बदली झाली तेव्हा सामान बांधताना मी सासूबाईंकडे एकच वस्तू मागितली होती. भांडी नाही, कपाट नाही. दगड. त्या म्हणाल्या, "दगड दुकानाचा, दुकानात राहील." मी म्हटलं ठीक आहे, दुकानाचा. पण दुकान तुझं होणार हे तेव्हा कोणी बोललं नव्हतं. माझ्या पोटात दुखतंय असं तुला वाटेल. वाटू दे, दुखतंच आहे. मी इथं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पत्र्याच्या ट्रेवर पिझ्झे भाजते, खालून पांढरेफटक, आणि तू माझ्या दगडाला साबण लावतेस.

आता ऐक. साबण पोटात गेलाय, तो नुसत्या पाण्यानं निघायचा नाही. साध्या पाण्याखाली चार वेळा धर, मग दोन दिवस उन्हात उभा कर, अगदी कोरडा होऊ दे. ओला दगड तापवलास तर तडकेल आणि मग मला पत्र लिहू नकोस. वाळला की गार ओव्हनमध्ये ठेव, गरम ओव्हनमध्ये नाही. ओव्हनबरोबर त्यालाही हळूहळू तापू दे. दोन-तीन तास पूर्ण आच दे, साबणाचा वास जाईपर्यंत. नंतर ओव्हन बंद करून आतच गार होऊ दे. बाहेर काढून ओट्यावर आपटायचा नाही.

रोज भाजायच्या आधी पाऊण तास तापव. फावड्यावर रवा भुरभुरव, म्हणजे पिझ्झा सरकतो. चीज सांडलं, जळलं, तर गार झाल्यावर उलथन्यानं खरवड. डाग राहू देत. डाग ही त्याची पदकं आहेत, तू कुठून पुसायला निघालीस?

तेलाचं म्हणशील तर छे. मी? तेल? भावजींना काय कळतंय, ते गल्ल्यावर बसून पेपर वाचायचे. तेलाचा थेंबही लावू नकोस. कोरडा ठेव, नुसता कोरडा.

ताई


९ मार्च

ताई, तुमच्या तोंडात साखर पडो!

तुम्ही सांगितलंत ते अक्षरन् अक्षर केलं. दोन दिवस ऊन, तीन तास आच, रवा, उलथनं, सगळं. तेलाची बाटली तर मी ओव्हनच्या खोलीतूनच हलवली. पहिला आठवडा साबणाचा वास येत राहिला, मग कमी झाला, आणि गेल्या सोमवारी पहिला पिझ्झा असा निघाला की फावड्यावरून खाली सरकताना खडखड वाजला. तळ तपकिरी, मधे मधे काळे ठिपके, बोटानं टकटक केलं तर आवाज येतो!

शिंप्यानं दोन खाल्ले. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कडा कुरकुरीत आहे, माझा धंदा वाढवणार तुम्ही." आणि सासूबाई, ज्या माझ्या हातचा नेहमी अर्धाच खाऊन कडा बाजूला काढतात, त्यांनी कडेसकट अख्खा संपवला. रिकामी ताटली पुढे सारून म्हणाल्या, "असा तळ या दुकानात कधी झाला नव्हता."

हे सगळं तुमच्यामुळे. म्हटलं, पहिलं तुम्हालाच कळवावं.

तुमची,
धाकटी


१५ मार्च

कधी झाला नव्हता?

मग बारा वर्षं मी काय कोळसे भाजत होते? लोक रांगा लावून काय माझं तोंड बघायला यायचे? कधी झाला नव्हता म्हणे. तू हे मुद्दाम लिहिलंस की भोळेपणानं, ते मला ठरवता येत नाही, आणि दोन्ही सारखंच लागतं.

सासूबाईंचं मला नवल वाटत नाही. त्यांना मी कधी आवडलेच नाही. तुला ठाऊक नसेल, तू नंतर आलीस. बुधवारी दुकानाची सुट्टी. बाकीच्या सुना सुट्टीला घरात लोळतात, मला मात्र सासूबाई सकाळी नाश्ता संपायच्या आत वडिलांकडे पिटाळायच्या. "जा, भेटून ये, संध्याकाळशिवाय येऊ नकोस." एक बुधवार चुकला नाही. ताप असला तरी जा. संध्याकाळी परतावं तर घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या, घर गारठलेलं, आणि या बाई पदर खोचून ओव्हनच्या खोलीत काहीतरी आवरत. "आलीस? हात धू." बस्स. आठवड्यातला एक दिवस तरी माझं तोंड दिसू नये, एवढीच त्यांची इच्छा. मी समजून होते, बोलले नाही.

आता बोलते. दगड मला हवाय. दुकान ठेवा, किल्ल्या ठेवा, ओव्हन ठेवा. त्या दगडावर माझ्या हाताची बारा वर्षं आहेत. तुझी दोन महिनेसुद्धा नाहीत, त्यातला एक साबणात गेला. नवा दगड बाजारात मिळतो, तो आण आणि त्यावर खडखड वाजव. माझा मला पाठव.

ताई


२८ मार्च

ताई,

तुमचं पत्र आल्यापासून मी रोज उत्तर लिहिते आणि फाडते. आज फाडणार नाही.

मी भोळेपणानं लिहिलं होतं. पण आता खरं सांगते, थोडं बरंही वाटलं होतं लिहिताना. तुम्हाला कल्पना नाही, या घरात "थोरली असती तर" हे वाक्य दिवसातून किती वेळा होतं ते. थोरली असती तर सॉस असा पातळ झाला नसता. थोरली असती तर गोळे एकसारखे असते. गिऱ्हाईकसुद्धा दारातून वाकून आत बघतं आणि विचारतं, "त्या नाहीत का?" त्या म्हणजे तुम्ही. मी ओव्हनपुढे घामाघूम उभी असते आणि लोक माझ्या खांद्यावरून तुम्हाला शोधतात. एकदा, फक्त एकदा, सासूबाई माझ्याबद्दल चांगलं बोलल्या, ते मी तुम्हाला कळवलं. चुकलं.

दगड द्यायचा की नाही हे ठरवणारी मी कोण? सासूबाईंना तुमचं म्हणणं सांगितलं. बुधवारचं नाही सांगितलं, तेवढी अक्कल आहे मला. नुसतं म्हटलं, ताईंना दगड हवाय. त्या दोन दिवस धड जेवल्या नाहीत, खिडकीशी बसून गुडघे चोळत राहिल्या. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "तिला म्हणावं माझ्याकडे माग."

तर माझ्याकडे नका मागू, त्यांच्याकडे मागा.

धाकटी


२१ एप्रिल

धाकटे,

तीन आठवडे झाले. सासूबाईंना पत्र लिहायला बसते आणि "तीर्थरूप" याच्यापुढे पेन जात नाही. कारण मागायचं तर आधी हात स्वच्छ हवेत, आणि माझे नाहीत.

मी तुझ्याशी खोटं बोलले. भावजी बरोबर सांगत होते. मी दगडाला तेल लावायचे. बारा वर्षांत एक दिवस चुकवला नाही. तेच माझं गुपित, सासूबाईंनाही कधी मुद्दाम सांगितलं नाही. तू विचारलंस तेव्हा मी ठरवून 'छे' लिहिलं. मला वाटलं, कोरडा ठेवेल, आठवड्याभरात पिझ्झे बिघडतील, मग सगळ्यांना कळेल की हात माझा होता. इतकी मी हलकी झाले. त्यात तुझे पिझ्झे बिघडायच्या ऐवजी वाजायला लागले, म्हणून अंगाचा तिळपापड झाला. माझ्या तेलाची बारा वर्षांची पुण्याई त्या दगडात मुरलेली आहे, त्यावरच ते वाजतायत, हे तुला कोणी सांगणार नव्हतं, मीच आता सांगतेय. पण ती पुरणार किती दिवस? संपली की तुझं अवघड आहे.

तर हे घे, खरं. दुकान बंद करताना, दगड कोमट असतानाच, साधं खायचं तेल वाटीत घे. सुती फडकं बुडव आणि गोल गोल चोळ, मधून कडेकडे. हात आखडता घेऊ नकोस, त्याला जेवढं प्यायचंय तेवढं पिऊ दे. सकाळी तापताना थोडा धूर येतो, घाबरू नकोस, मी म्हणायचे दगड जागा होतोय. माझी आई तिच्या बिडाच्या तव्याला असंच करायची.

मी आजवर हे कोणालाच दिलं नव्हतं, तुला देतेय. माझ्याकडून झालं ते पोटात घाल.

ताई


११ मे

ताई,

दुकान तीन दिवस बंद आहे, म्हणून पत्र लिहायला वेळच वेळ आहे.

तुमचं पत्र वाचून मला रडू आलं होतं. खरंच. मी यांना म्हटलं, बघा, ताईंचं मन किती मोठं. त्याच संध्याकाळी वाटी घेतली, फडकं घेतलं, गोल गोल चोळलं. दगड पितच होता, मी देतच होते. असं पाच दिवस केलं. रोज सकाळी धूर वाढत होता, मी म्हणत होते जागा होतोय. पिझ्झ्याला खवट वास यायला लागला, मी म्हणत होते मुरतोय.

सहाव्या दिवशी दगड असा जागा झाला की अख्खी गल्ली जागी झाली! ओव्हनचं दार उघडलं आणि समोरचं काही दिसेना. शिंपी बादली घेऊन धावत आला, तो ओव्हनवर पाणी ओतणार तेवढ्यात मी त्याच्या हातालाच लोंबकळले, नाहीतर दगडाचे तुकडे झाले असते. डॉक्टरीणबाई तोंडात अवजारं असलेला पेशंट घेऊन जिना उतरल्या. भिंती काळ्या, माझे केस काळे, आणि दगड बुळबुळीत, चिकट, वास मारणारा.

आता मला सांगा, मी काय समजू? आधी खरं दडवलंत म्हणालात, तेव्हा माझं चांगलं चाललं होतं. मग खरं दिलंत, आणि माझं वाटोळं झालं. एकदा फसवणं समजू शकते. पण माफी मागून फसवणं? आणि मी मूर्ख, त्या माफीवर रडले.

सगळ्यात वाईट काय वाटलं, सांगू? मी धुरात उभी राहून खोकत होते, हुंदके देत होते, आणि सासूबाई खुर्चीत बसून हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी तुमचं पत्र त्यांच्यापुढे टाकलं. त्यांनी वाचलं आणि हसू एकदम थांबलं. पत्र घडी करून उशाखाली ठेवलं. म्हणाल्या, "हिचा काही दोष नाही. कागद दे, मीच लिहिते."

धाकटी


१४ मे

थोरले,

हात कापतो. अक्षर लागेल तसं लाव.

तू धाकटीला फसवलं नाहीस हे मला ठाऊक आहे. तू खरं तेच सांगितलंस. चोर मी आहे.

दगडाला तेल लावायचं नसतं, पोरी. बिडाच्या तव्याला लावतात, दगडाला नाही. तो तेल पितो आणि आत धरून ठेवतो, तापला की धूर ओकतो, खवट होतो. दगड आपला आपण मुरतो, भाजता भाजता. त्याला कोरडं ठेवायचं आणि गप बसायचं. तू रागानं जे लिहिलंस तेच बरोबर होतं.

तू लग्न होऊन आलीस त्या पहिल्याच आठवड्यात मी जिन्यातून बघितलं. दुकान बंद झालेलं, तू फडकं घेऊन दगडाला तेल लावत होतीस आणि तोंडानं काहीतरी गुणगुणत होतीस. मी खाली येऊन ओरडणार होते. तू वर बघितलंस आणि म्हणालीस, "आई असंच करायची." तुझी आई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मी ओरडायची राहिले. म्हटलं, दोन दिवस करील आणि विसरेल. तू बारा वर्षं विसरली नाहीस.

मग मी काय करणार? आठवड्याचं तेल साठलं की बुधवारी जाळायचं. त्याला पाच तास लागतात. दगड गार ओव्हनमध्ये ठेवायचा, तापवायचा, धूर होऊ द्यायचा, खिडक्या उघडायच्या, गार झाला की खरवडायचा. हे तू घरात असताना कसं करणार? म्हणून तुला वडिलांकडे धाडायची. त्या एकट्या माणसालाही तेवढीच सोबत. तुला वाटायचं मला तू नकोशी आहेस. मला कळायचं तुला काय वाटतं ते. वाटू दिलं. दुसरं काय कारण सांगणार होते?

बुधवार ते मंगळवार तेल साठायचंच, म्हणून तुझा तळ गुरुवारी चांगला आणि सोमवार-मंगळवारी मऊ असायचा. गिऱ्हाइकांना ते माहीत होतं, तुलाच नव्हतं. असा तळ कधी झाला नव्हता असं मी म्हटलं ते दगडाबद्दल. तू गेल्यावर दीड वर्षं तो कोरडा राहिला, तेव्हा कुठे मुरला. तुझ्या हाताबद्दल नाही. तुझ्यासारखा गोळा धाकटीला सात जन्मांत वळता यायचा नाही.

धाकटीनं विचारलं तेव्हा तुझ्याकडे पाठवली. म्हटलं, दुकान सुटलं तरी तुला कोणीतरी विचारावं. तू तेल सांगितलं असतंस तर पुन्हा बुधवार धरला असता, आणखी काय.

दगड तुला का दिला नाही, हे तू सगळ्या जगाला विचारतेस, मला सोडून. तर ऐक. तुला दिला असता तर तू तिथं तेल लावलं असतंस, आणि तिथं ते जाळायला मी नसते. महिन्याभरात तुझे पिझ्झे खवट झाले असते आणि तुला वाटलं असतं, आपला हात गेला. ते मला बघवलं नसतं. धाकटीचं तसं नाही. तिला तोंडावर सांगता येतं.

आता तुला कळलंच आहे, तर हवा असेल तर दगड ने.

सासू


२ जून

धाकटे,

सासूबाईंचं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा रागानं कान तापले. बारा वर्षं मी माझ्या गुपिताची ऐट मिरवली आणि सगळी गल्ली गुरुवारची वाट बघत होती! दुसऱ्यांदा लाज वाटली. तिसऱ्यांदा मी कॅन्टीनमध्ये कांदा चिरायला मागून घेतला, म्हणजे कोणी विचारू नये.

पाच तास गुणिले बारा वर्षांचे बुधवार. त्या बाईला दमा नव्हता तो माझ्यामुळे झाला असेल तर मला सांगू नकोस. आणि मी तापात वडिलांकडे जाताना त्यांना काय काय म्हणाले मनात, ते तर लिहूच नये.

धुराबद्दल तुझे पाय धरते. भिंतींना रंग लावायला पुढच्या महिन्यात हे येतील, मी पाठवते त्यांना.

दगड तूच ठेव. खरंच ठेव, मला नकोय. मी उगाच त्या दगडाचा जप करत होते. मला सासूबाई हव्यात. महिनाभर पाठव. इथं खिडकीजवळची खोली रिकामी केली आहे, पाठ टेकायची खुर्ची आणली आहे, आणि इमारतीला लिफ्ट आहे, गुडघ्यांना एक पायरी चढावी लागायची नाही. महिन्यानंतर परत पाठवीनच असा शब्द मात्र देत नाही, उगाच खोटं कशाला बोलू? दुकान तुझं झालं, ओव्हन तुझा, दगड तुझा. एवढं एक माणूस मला दे.

ताई


१० जून

ताई,

तुमचं पत्र सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. खोली, खुर्ची आणि लिफ्ट तेवढी गाळली.

त्यांचं तुम्हाला आलेलं पत्र मी पाकीट बंद करायच्या आधी वाचलं होतं. त्यांनीच दिलं वाचायला. "तिला तोंडावर सांगता येतं" हे वाक्य वाचल्यापासून मी आठवडाभर घरात कोणाशी नीट बोलले नाही. तुमच्यासाठी एक बाई बारा वर्षं धूर खाते, आणि मला तोंडावर सांगता येतं! तुम्हाला माझ्या किल्ल्या सलत होत्या ना, मला तुमचे बुधवार सलायला लागले. हे मी तुमच्याकडूनच शिकले असेन, पण आता माझं झालंय.

मग परवा काय झालं ते सांगते. दुपारी सासूबाई म्हणाल्या, "पोस्टात जाऊन पाकिटं घेऊन ये, सावकाश ये, घाई नाही." मी गेले. पोस्ट लवकर बंद झालेलं, म्हणून अर्ध्या तासात परतले. दारातून बघते तर सासूबाई ओट्याशी खुर्ची ओढून बसलेल्या. मी वळून ठेवलेले पिठाचे गोळे एकेक उचलत होत्या, कापऱ्या हातानं पुन्हा नीट वळत होत्या, आणि होते त्याच जागी फडक्याखाली ठेवत होत्या. चाळीस गोळे होते. मी पायरीवर उभी राहिले, शेवटचा गोळा होईपर्यंत. मग चपला जोरात वाजवत आत आले. त्या म्हणाल्या, "आलीस? हात धू."

मी काही विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही.

दगड खोक्यात भरला आहे, चारी बाजूंनी गोधडीचे तुकडे लावलेत. उद्याच्या गाडीनं निघेल. दोन बुधवार जाळून मी त्याचं सगळं तेल काढलंय, अगदी कोरडा आहे. आम्ही नवा घेऊ. सासूबाई मिळणार नाहीत.

धाकटी